पडदा बंद करून पाहणारा जब्बारभाई

वारंगा फाट्यावर इंटरनेट कॅफे चालवणारा जब्बारभाई वेबसाइट तपासायला बसला, की आधी मॉनिटर बंद करायचा. मग हेडफोन लावून, डोळे मिटून कळफलकावर बोटं चालवायचा. नवं गिऱ्हाईक लाइट गेली समजून उठायचं. "बसा हो," तो म्हणायचा, "ऐकून राहिलो."

ही सवय त्याला धाकट्या भावामुळे लागली. नजर गेलेला सलीम पुण्याहून, पडद्यावरचं वाचून दाखवणारा बोलका कॉम्प्युटर शिकून आला, दुकानात बसू लागला आणि एक दिवस भावाशी भांडून निघून गेला. त्याचा पत्ता नाही. जब्बारभाई त्याविषयी बोलत नसे.

माझी हळद दळायची गिरणी. बाहेरचे व्यापारी मिळाले नाहीत, तर ती वर्षातले थोडेच महिने चालणार होती. म्हणून शहरातल्या एकाकडून वेबसाइट करून घेतली. त्या काळी मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन होऊन बसायची, त्यामुळे त्यानं सगळा मजकूर झोकदार अक्षरांत रंगवून त्याचे फोटोच चिकटवले. साइट देखणी झाली. पण 'हिंगोली हळद' असं शोधलं, तर आम्ही कुठेच नाही.

जब्बारभाईनं पडदा बंद केला आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. आतून यंत्राची बाई म्हणाली, "चित्र." पुन्हा, "चित्र." मग गप्प.

"तुमची हळद मुकी हाय, भाऊ. न दिसणाऱ्याला ह्यातलं काय कळंल? शोधणाऱ्या मशीनचंबी तसंच. ते शब्द चाचपत येतंय."

"मग पहिल्या नंबरवर आणा."

"ते माझ्या हातात न्हाई. सापडण्याजोगं करतो."

जेवढं होईल तेवढंच बोलणारा माणूस मला पटतो. त्यानं मजकुराचे फोटो काढून टाकून खरी अक्षरं घातली, मथळे मशीनला मथळे म्हणून कळतील असे केले. उरलेल्या प्रत्येक फोटोमागे, पडद्यावर दिसणार नाही पण यंत्राची बाई वाचेल, असं त्याचं वर्णन लिहायला बसला.

"ह्यात काय हाय?"

"मी आहे की!"

"मला दिसतंय. न दिसणाऱ्याला सांगा."

"हळदीच्या ढिगाजवळ उभा असलेला गिरणीमालक."

"पोट सुटलेला लिहू?"

"काहून?"

"ढिगाएवढंच दिसून राहिलं."

पोट वगळायला मला त्याला चहा पाजावा लागला.

पुढे काही आठवड्यांनी परजिल्ह्यातल्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. साइटवरूनच नंबर मिळाला म्हणाला. मी पेढे घेऊन कॅफेत गेलो. जब्बारभाईसमोर पडद्यावर त्यानंच केलेलं एक साधं वेबपान उघडं होतं. वर मोठ्या अक्षरांत सलीमचं पूर्ण नाव आणि गाव, खाली घरचे फोटो.

"कोणासाठी हे?" मी विचारलं.

"माणूस कधीतरी सोताचं नाव शोधतोच की. त्यानं शोधलं, तर सापडाया पाहिजे. आन् सापडलं, तर ऐकाया आलं पाहिजे."

"काही निरोप?"

"न्हाई अजून." त्यानं पेढा हातातच धरला होता. त्याची आई ओट्यावर बसलेली, असा एक नवा फोटो त्यानं पुढे घेतला. "भाऊ, अम्मीचे केस समदे पांढरे झाले. लिहू का? लेकरू घाबरंल."

"लिहा," मी म्हणालो, "पण आधी बरी आहे म्हणून लिहा."

त्यानं पेढा ठेवला, हात पुसले आणि एकेक अक्षर बघत लिहिलं: 'अम्मी बरी आहे. ओट्यावर बसली आहे. केस पांढरे झाले आहेत. बाजूला एका माणसाची जागा सोडली आहे.'