भिवाकाकांचे कोंबडे

आमच्या कशेळ्यात भिवाकाकांच्या अंगणात नऊ कोंबडे आहेत आणि कोंबडी एकही नाही. कोंबड्यांची नावं तलाठी, सर्कल, मामलेदार अशी चढत चढत थेट कलेक्टरपर्यंत जातात. "खातात येळेवर आनि काम शून्य. दुसरी कुठली नावं ठिवू?" असं काका विचारतात. तलाठी पहाटे आरवतो. कलेक्टर दुपारी बाराला, तेही मनात आलं तर. पण काकांपुढे कोंबड्याच्या रश्श्याचं नाव काढायची सोय नाही.

काका खालापूरकडच्या एका हॅचरीतून निवृत्त झाले. जन्मभर एकच काम: अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचा पंख उघडून नर की मादी ते सांगायचं. पिसं लांब-आखूड असली तर मादी, सारखी असली तर नर. मादी पुढे अंड्यांसाठी पाळली जाते. या जातीचा नर अंडं देत नाही आणि अंगाला मांसही धरत नाही, म्हणून त्याला पहिल्याच दिवशी मारून टाकतात. निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा काकांनी वर पिशवीभर नर मागून आणले. तेच हे अधिकारी.

"आधी पंख उघडून बघावा" हे काकांचं जगाबद्दलचं एकमेव मत. मग जुनी स्कूटर असो, निवडणुकीचा उमेदवार असो की माझ्या बहिणीला सांगून आलेलं स्थळ. त्या मुलाला तर त्यांनी खरोखरच "हात वर कर रं" म्हटलं होतं. तरीही लग्न जमलं, हे आमचं नशीब.

काकांची पुतणी प्रज्ञा पुण्याकडच्या एका प्रयोगशाळेत लागली आणि तिने त्यांना जीन एडिटिंग समजावून सांगितलं. झालं! कर्जतच्या जीपमध्ये काकांच्या शेजारी बसणाऱ्याची सुटका नाही.

"कोंबडीच्या जनुकात बारीक बदल करायचा. आईची ती खूण पोराकडंच जाते, पोरीकडं नाय. मंग अंड्यांवर निळा उजेड पाडला का नराचं अंडं वाढतच नाय. पिल्लूच होत नाय, तर मारनार कुनाला?"

"मंग आमच्या कोंबडीला चार तंगड्या करा की!" मागून कोणीतरी म्हणालं.

काका त्या दिवशी गावाच्या अलीकडेच उतरले आणि चालत घरी आले.

यंदा प्रज्ञाची पहिली पिल्लं बाहेर आली. तपासणीत सगळ्या माद्या निघाल्या होत्या. पण कागदावर विसंबतील ते काका कसले! इस्त्रीचा सदरा घालून, साक्षीदार म्हणून मला बरोबर घेऊन ते प्रयोगशाळेत हजर झाले.

"काका, एक जरी नर निघाला, तर सगळं पहिल्यापासून करायला लागेल," प्रज्ञा म्हणाली. काकांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

त्यांनी माद्यांसाठी एक टोपली उजवीकडे ठेवली, नरांसाठी एक डावीकडे. पंख उघडायचा, बघायचं, उजवीकडे. उजवीकडे. उजवीकडे. एका पिल्लापाशी ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. उजवीकडे!

शेवटचं पिल्लू झाल्यावर काकांनी डावी टोपली उचलली आणि उलटी करून सगळ्यांसमोर झटकली. "सगळ्या पोरी!" ते एवढ्या जोरात ओरडले की केबिनमधले मोठे साहेब बाहेर आले आणि टाळ्या वाजवू लागले. प्रज्ञा तर काकांच्या गळ्यातच पडली.

येताना काकांनी कर्जतला जिलेबी घेतली आणि जीपमध्ये वाटत सुटले.

"कसली वो जिलेबी?"

"मुली झाल्या."

"या वयात?"

"टोपलीभर!"

जीपमध्ये असा हशा पिकला की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि स्वतःही एक जिलेबी उचलली.

चार दिवसांनी पौर्णिमा होती. विहारात नेहमीप्रमाणे आम्ही सगळे पंचशील म्हणायला बसलो, काका माझ्या शेजारी. पहिलं शील जीवहत्या न करण्याचं. काकांचा आवाज सुरुवातीला जरा चिरकला, मग खणखणीत लागला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

बाहेर चपला शोधताना काकांच्या बायकोने, सुमनकाकींनी, मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे ओले होते.

"ऐकलंस ना रं? हॅचरीत लागल्यापासनं ते पयल्या शीलाला गप बसायचे. दुसऱ्यापासनं म्हनायचे. आज सकाळी मला म्हनले, आता माझं काम पुढं कुनाला करावं लागनार नाय गं."

इतकी वर्षं मी त्यांना खेटून बसत होतो. माझाच आवाज मोठा, त्यामुळे त्यांचं गप्प राहणं मला कधी ऐकूच आलं नव्हतं.