क्लॅरेटची गुळणी

कुठलीही विद्या मला एका दुपारात येते! उगाच फुशारकी नाही सांगत. बाजाची पेटी मी एका दुपारात शिकलो. ती दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांनी परत करायला लावली, हा भाग निराळा.

त्यामुळे सन चौतीसच्या थंडीत आमच्या गिरणीच्या हिगिन्स साहेबानं कचेरीत येऊन विचारलं, "वाइनमधलं कुणाला काही कळतं का?" तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. वर गेल्यावर मला आठवलं, की मी वाइन अजून डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही!

पण साहेब खूष झाला. त्याचा बटलर रजेवर होता आणि विलायतेहून येणाऱ्या नव्या वीव्हिंग मास्तरला त्या रात्री मेजवानी द्यायची होती.

"बाटल्या उत्तम हव्यात, पण महाग नकोत," साहेब म्हणाला. "काम नीट झालं, तर स्टोअरकीपरच्या जागेचा विचार करू."

स्टोअरकीपर! मी उडालोच. पण लगेच जमिनीवर आलो. कारण घरी सासरे होते! केम गावचे पेन्शनर शाळामास्तर अण्णा. डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी आमच्याकडे सोलापूरच्या शुक्रवार पेठेत मुक्कामाला आलेले. गावोगाव दारूबंदीवर व्याख्यानं देणं हे त्यांचं व्रत. त्यांच्या धाकानं आमच्या घरात ताकसुद्धा फार आंबू देत नसत!

म्हणून घरी चकार शब्द न काढता मी दुपारी सदर बझारातलं सोराबजींचं दुकान गाठलं.

"डीकरा," सोराबजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "वाइन म्हंजे काय सोडावॉटर हाय? पयली बघ, मग हुंग, मग तोंडात फिरव, मग थुंकून टाक!"

"थुंकायची?"

"तर! गिळत बसला, तर चवथ्या बाटलीला तुला बायकोचं नाव तरी आठवेल का?"

माझा आनंद गगनात मावेना! थुंकायची म्हणजे प्यायची नाही, आणि प्यायची नाही म्हणजे पाप नाही. धर्मही शाबूत, नोकरीही शाबूत!

"फक्त फरशी खराब करू नको," सोराबजी म्हणाले. "मागच्या दाराशी गटार हाय, तितं जा."

मग काय विचारता! सोराबजींनी पोर्ट काढली, शेरी काढली, क्लॅरेट, म्हणजे लाल वाइन, तर तऱ्हेतऱ्हेची काढली. मी पेला उजेडात धरावा, शाळिग्राम निरखावा तसा निरखावा, हुंगावा, घोट गालांत खळखळवावा आणि धावत मागच्या दाराशी जाऊन फुर्रकन गटारात सोडावा! पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"ही झकास!" मी सोनेरी चिठ्ठी चिकटवलेल्या बाटलीवर हात ठेवला.

"साफ चूक! तू चिठ्ठीला पैसे देतोय, आतल्या मालाला नाय. ती कोपऱ्यातली धुळकट क्लॅरेट बघ."

बघितली. अहाहा! जांभळासारखा रंग, जिभेवर किंचित तुरट आणि शेवटी गोडसर. दामही सोनेरी चिठ्ठीवालीच्या निम्म्यानं! मी तीच पसंत केली आणि बाटल्या टांग्यातून परस्पर साहेबाच्या बंगल्यावर धाडल्या.

आता, जिभेला चिकटलेलं थोडंथोडं आपोआप आत गेलं असेल, त्याला माझा इलाज नव्हता. बाहेर पडलो तेव्हा सोलापूर एकदम सुंदर दिसू लागलं होतं! गिरणीचा भोंगासुद्धा सुरात वाटला. वास लपवण्यासाठी मूठभर लवंगा तोंडात कोंबल्या आणि गुणगुणत घरी निघालो.

दारात पाहतो तो बायांची ही गर्दी! मधोमध माझी बायको शकुंतला ओक्साबोक्शी रडत बसलेली आणि शेजारी आमची भांडी घासणारी गोजरबाई हातवारे करून सांगत होती, "म्या माज्या डोळ्यानं बगितलं की वो! मालक पारशाच्या दुकानामागं रगात टाकत हुतं! एकदा न्हाय, चुळीवर चूळ! लालभडक!"

 मी उंबऱ्यावर अडखळलो.

"बगा, चक्कर आली!" गोजरबाई ओरडली.

"अहो, मला का नाही हो सांगितलंत?" शकुंतलेनं हंबरडा फोडला. "डोळे बघा कसे लाल झालेत!"

"अगं, काही नाही! पान खाल्लं होतं. त्याची पिंक!"

"वेणीमाधवराव," अण्णा खोल आवाजात म्हणाले, "क्षयाचा रोगी नेहमी असंच लपवतो."

क्षय! तो शब्द ऐकताच पुढच्या रांगेतल्या बाया मागच्या रांगेत गेल्या.

एवढ्यात वैद्य बसलिंगप्पा आले. त्यांनी नाडी धरली, ती टांग्याच्या घोड्यासारखी उधळलेली.

"जीभ काढा बगू. अय्यय्यो! जांभळी हाय की हो! आणि लवंगा कशाला चघळता? खोकला दाबायला?"

"नाही हो, सहज!"

"दाबायलाच," वैद्यांनी सर्वांना सांगितलं. सर्वांनी माना डोलावल्या. मी घाबरून हसलो, तर "वातही झालाय" असं ठरलं!

अण्णांनी कोट चढवला, टोपी घातली. "मी आत्ता तुमच्या साहेबाकडे जातो. राजीनामा आजच दिलेला बरा. उद्या सकाळच्या गाडीनं तुम्हाला मिरजेच्या इस्पितळात नेतो."

राजीनामा! स्टोअरकीपरची खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत पाय फुटून चालू लागली. अण्णांचा एक जोडा पायात गेला, दुसरा जायच्या बेतात होता. मी जिवावर उदार होऊन ओरडलो, "अण्णा, थांबा! ते रक्त नव्हतं, दारू होती! मी दुपारभर दारू चाखत होतो!"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मग वैद्यांनी मान हलवली. "ताप मस्तकात गेला. बडबड सुरू झाली."

"तुमच्या गळ्याशपथ!" मी रडकुंडीला आलो. "हे बघा, बाहीवर डाग पडलाय! हुंगा!"

अण्णांनी माझा हात धरला. बाही नाकाशी नेली. डोळे मिटले. एकदा हुंगली, मग पुन्हा जरा दीर्घ श्वास घेऊन हुंगली.

"क्लॅरेट," ते गंभीरपणे म्हणाले. "जुनी आहे. माल चांगला आहे."

सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

"व्याख्यानाला माहिती ठेवावी लागते!" अण्णा घाईघाईनं म्हणाले.

आता माझी धडगत नाही, असं समजून मी मान खाली घातली. पण शकुंतला उठली, पदरानं डोळे पुसले आणि देवापुढे साखर ठेवून धाडकन पाया पडली! "देवा, पावलास रे! हे दारू पितात! नुसती दारूच पितात!"

मग ती साखर घेऊन गल्लीभर फिरली. "क्षय नाही हो, दारू आहे!" असं प्रत्येक दारात सांगत! बाया तिला मिठ्या मारत होत्या. गोजरबाई म्हणाली, "लई ब्येस झालं बगा, बाईसाब!" अण्णांनी दुसरा जोडा न घालताच मला पोटाशी धरलं. मी थुंकलो होतो, गिळली नव्हती, हे जीव तोडून सांगत होतो. पण आनंदाच्या भरात ऐकतोय कोण?

जागा मिळाली. साहेबाला क्लॅरेट पसंत पडली. पण आजही गल्लीत नवं बिऱ्हाड आलं, की शकुंतला मला पुढे करून मोठ्या कौतुकानं ओळख करून देते, "हे आमचे! दारू पितात, पण छाती अगदी ठणठणीत!"