तळ्याच्या बदल्यात तळं

"अहो, पण काहीच पेरायचं नाही म्हणजे शेतकऱ्याने नेमकं करायचं काय?" शरदिनीने तिसऱ्यांदा विचारलं, आणि वासुदेवने तिसऱ्यांदा समजावलं.

बायकोलाच पटेना, तिथे शेतकऱ्याला काय कप्पाळ पटणार! खरं तर गोष्ट साधी होती. बनारसच्या बाहेरून जाणाऱ्या नव्या रस्त्याखाली एक जुनं तळं बुजणार होतं. तिथल्या पाणकोंबड्या, बदकं, बेडूक जाणार कुठे? म्हणून कुणा शेतकऱ्याच्या जमिनीत बदली तळं करायचं, लव्हाळं माजू द्यायचं आणि त्याला हात लावायचा नाही. हे लोकांच्या गळी उतरवायला सरकारने वासुदेवला नेमला होता, तोही हंगामी. शनिवारी लखनौचे साहेब जागा बघणार होते. पसंत पडली तर नोकरी पक्की, नाहीतर चाळिशीत पुन्हा अर्ज खरडत हिंडायचं. या भीतीने त्याचं जेवणावरचं मनच उडालं होतं.

श्रीराम नावाच्या भल्या शेतकऱ्याने वर्षापूर्वी आपला खोलगट तुकडा दिला होता. "पंडितजी, घास उगाने के लिए भी सरकार आदमी रखती है?" एवढंच त्याने विचारलं होतं; काशीचा ब्राह्मण म्हणून वासुदेवला तो पंडितजीच म्हणे. पाणी साचलं, लव्हाळं वाढलं, पाणकोंबडीने घरटंही केलं. पण गावच्या म्हशी रोज डुंबायला येत आणि सगळं तुडवून जात. कुंपण घातलं तर ते म्हशींनी मोडलं, पाटी लावली तर ती कुणाच्या तरी चुलीत गेली.

"इतकं परेशान कशाला व्हायचं?" शरदिनी म्हणाली. "काठावरच्या एका दगडाला शेंदूर फासा. म्हैस सोडा, म्हशीचा मालकसुद्धा पाण्यात पाय घालणार नाही."

रविवारी वासुदेवने चोरासारखं इकडेतिकडे बघत शेंदूर फासला. त्याला बघणारा एकटा श्रीराम, आणि तो घरचाच. सोमवारी एकही म्हैस फिरकली नाही. स्वारी खूश! पण मंगळवारी कुणाची तरी हरवलेली गाय तिथेच सापडली आणि दगडाची 'तलैया माई', म्हणजे तळ्याची देवी, झाली. दुसऱ्या दिवशी बायका हलवा-पुरी घेऊन आल्या. त्यांना उभं राहायला म्हणून अलीकडचं लव्हाळं कापलं गेलं. शुक्रवारी तर भोंगाच लागला.

"श्रीराम, ये क्या हो रहा है!" वासुदेव रडकुंडीला आला.

"सब आप की किरपा है, पंडितजी."

शनिवारी साहेब जीपमधून उतरले. वासुदेव पुढे धावला. साहेबांनी आधी बूट काढले, माईला नमस्कार केला आणि मग दुर्बीण डोळ्यांना लावली. पलीकडच्या काठाला पाणकोंबडी पिलांना घेऊन निवांत पोहत होती. पाण्यात एकाही माणसाचं पाऊल पडलेलं नव्हतं.

"वाह! जिल्ह्यात असं काम मी पाहिलं नाही," साहेब म्हणाले. वासुदेवच्या जिवात जीव आला. "लेकिन..."

आता आणि लेकिन कसलं?

"त्या जुन्या तळ्यावरही परवा एक माई निघाली. गावकरी मातीचा ट्रक फिरकू देत नाहीत. रस्ता वळवायचं ठरलंय. तळंच बुजणार नाही म्हटल्यावर त्याच्या बदल्यात दुसरं करायचं कशाला? महिनाअखेर योजना बंद."

वासुदेव मटकन काठावरच बसला. "पण तिथे माई आली कुठून?"

"वहाँ हमारी ससुराल है," श्रीराम आनंदाने म्हणाला. "आप का उपाय हम ने ही बताया. फर्स्ट क्लास है!"

साहेबांची जीप गेली. वासुदेव तिथेच डोकं धरून बसून राहिला. अर्ध्या तासाने गावची चार वडीलधारी माणसं हात जोडून पुढे आली. माईला रोजचा पुजारी हवा होता, आणि श्रीरामच्या सांगण्याप्रमाणे तिची स्थापना केलेल्या काशीच्या पंडितांना सोडून दुसऱ्या कुणाला कसं विचारायचं?

वासुदेवने मान वर केली. बोलू की नको असं करत त्याने घाबरत घाबरतच विचारलं, "हंगामी?"

"राम राम! माई कभी रिटायर होती है का?"

संध्याकाळी शरदिनी दारातच उभी होती. "झाली का हो पक्की?"

"झाली," नारळांची पिशवी तिच्या हातात देत वासुदेव म्हणाला. "फक्त खातं बदललं."