पाणपोईवरचा प्रश्न

मेहकरच्या मोटार स्टँडावरचे किसनबुवा प्रत्येक परक्या प्रवाशाला एकच प्रश्न विचारत, “तुमच्यात ‘डा’ म्हंजे काय हो?”

बुवा तिथली पाणपोई चालवत. पाणपोईवर प्रश्न विचारतात एवढं ऐकूनच माझं डोकं फिरलं. नवं राज्य झालं तरी पाण्याआधी जात विचारता? ‘तहानेला जात नसते!’ असं पत्रक छापून मी थेट त्यांच्यापुढे उभा राहिलो.

“पह्यले पे, मंग भांड,” म्हणत त्यांनी लोटा पुढे केला. मी प्यालो. मग प्रश्न आला, तो जातीचा नव्हताच. पत्रकं वाया गेली.

पुढे मी तिथेच बसू लागलो. बुवांनी भिंतीवर कोळशानं उत्तरं लिहिली होती. मद्रासी ट्रकवाला: ‘बे, काय बे मंधला’. बंगाली औषधवाला: ‘भाऊ, पन जीभ दाताले लावून’. लोणारचं सरोवर पाहायला आलेला रशियन: ‘हो’.

“पाह्य बाबू, एकाच शब्दानं कोनी भांडते, कोनी भाऊ मानते!”

दुपारची मोटार गेली की स्टँड ओस पडे. मग बुवा एक पेला भरून ओट्याच्या टोकाला ठेवत, हळूच म्हणत, “डा.” आणि पाठ फिरवत. घटकाभरानं पेला रिकामा. जवळपास कुत्रंही नाही. ‘बाष्पीभवन!’ मी ठणकावून सांगितलं. पेलाभर पाणी घटकेत उडत नाही, हे मलाही कळत होतं. एकदा पेल्याची कड ओली दिसली, ओठ टेकल्यासारखी. मी जागा बदलून बसलो.

“कोणासाठी ठेवता हो, बुवा?”

“सातपुड्यातला कोरकू होता. तापानं अठीच पडला. आपली बोली त्याले येत नव्हती. म्या इचारलं, जात कोन्ती? तो म्हने, डा. आता ही कोन्ती जात, म्हून भरला लोटा हातात घेऊन साऱ्या स्टँडाले इचारत फिरलो. परत आलो त...”

पुढे दुसऱ्या एका कोरकूनं त्यांना अर्थ सांगितला होता. पाणी.

तेवढा एक अर्थ भिंतीवर नव्हता.

 

“मले ‘बे’ म्हनला असन,” बुवा म्हणाले. “नाही त भाऊ. असू शकते ना, बाबू?”

“असू शकते, बुवा,” मी म्हणालो. खोटेपणाविरुद्ध मी बरीच पत्रकं काढली आहेत.

मोटार आली. बुवा लोटा घेऊन धावले. ओट्याच्या टोकाचा पेला तेवढ्यात रिकामा झाला होता.