झाकण असल्याबाबत

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, ही गोष्ट गावात सर्वांत आधी मला ठाऊक होती. कारण टाकीला झाकण आहे, हे वाक्य मीच लिहिलं होतं.

खुलासा करते. मी मजकूर लिहिते. ओतूरच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाले, लग्न झालं, तेजस्विनी झाली. ह्यांचं आळेफाट्याला गॅरेज आहे. त्याचं पत्रक छापायला मी संपतभाऊंच्या छापखान्यात गेले, तेव्हा त्यांनी माझा कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "वहिनी, आजपासनं तुमीच लिव्हा. माझ्याकडं अक्षरं जुळवनारा हाय, पन जुळवायला काय न्हाई."

तेव्हापासून तेजू झोपली की मी लिहिते. लग्नपत्रिका, रोपवाटिका, कीटकनाशकं, यात्रेचे कार्यक्रम, एकाच चौकातले समोरासमोरचे दोन दवाखाने. दोघांकडेही 'तालुक्यात प्रथमच' सोय आहे. माझ्याकडे विशेषणांची एक वही आहे. त्यातली 'दानशूर, मनमिळाऊ, सर्वांचे आधारवड' ही वाढदिवसाच्या फ्लेक्सला चालतात आणि दशक्रियेलाही. एकदा घाईत एकच मजकूर दोन्हीकडे गेला. कुणाची तक्रार आली नाही. वाढदिवसवाले गृहस्थ तर म्हणाले, "लई मनापासून लिव्हलंय."

या धंद्यात वस्तू मागून येते, विशेषण आधी जातं. हा नियम मला मान्य होता. फक्त विशेषण पोहोचल्यावर वस्तूची गरज उरत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या ग्रामपंचायतीने स्वच्छ गाव स्पर्धेत भाग घेतला. स्पर्धा म्हणजे अहवाल. चाळीस प्रश्न, चाळीस उत्तरं, वर प्लॅस्टिकचं कव्हर. आमचे ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते प्रश्न वाचत होते आणि मी लिहीत होते. समोर सरपंच हौशीराम आबा तंबाखू मळत बसले होते.

"प्रश्न चौदा. पाण्याच्या टाकीस झाकण आहे काय?"

मी खिडकीतून टाकीकडे पाहिलं. वर दोन पारवे बसले होते, तिसरा आत डोकावत होता.

"भाऊसाहेब, झाकण कुठाय?"

"येणारच आहे, मॅडम. अहवाल सोमवारी जायचाय. झाकण त्याच्या मागनं येईल."

"मग 'येणार आहे' असं लिहू?"

भाऊसाहेबांनी माझ्या बी.ए.कडे कणवेने पाहिलं. "'येणार आहे'ला गुण नाहीत. 'आहे'ला दोन आहेत."

"आन् सूनबाई," आबा म्हणाले, "नुसतं 'आहे' नगं. जरा नटवा. त्या नर्सरीवाल्याच्या टोमॅटोला नटवलं तसं."

मी नटवलं. 'टाकीस मजबूत, गंजरोधक व कुलूपबंद झाकण असून त्याची किल्ली सरपंचांच्या व्यक्तिगत देखरेखीखाली असते.' किल्लीची कल्पना माझी. खोटं कशाला सांगू, वाक्य मला आवडलं. शिवाय टाकीवर रंगवायला एक घोषवाक्यही दिलं: 'टाकीला झाकण, आरोग्याची राखण.' ते बालवाडीच्या बाईंनी मुलांकडून पाठ करून घेतलं. अहवाल ग्रामसभेत मीच वाचून दाखवला. चौदाव्या उत्तराला टाळ्या पडल्या.

समिती आली. जेवली. टाकीखाली उभं राहून तिने वर पाहिलं. शिडीच्या खालच्या सहा पायऱ्या नव्हत्या, त्यामुळे वर चढायचा प्रश्न नव्हता. अध्यक्षांनी किल्ली दाखवायला सांगितली. आबांनी करदोट्याची किल्ली काढून दिली. कुलूप आणि किल्ली आदल्या दिवशीच ओतूरच्या बाजारातून आणली होती. लावायला काही नसल्यामुळे कुलूप टेबलाच्या खणात होतं. अध्यक्षांनी किल्ली तळहातावर जोखली, पुढच्या सदस्याकडे दिली, त्यांनीही जोखली. दोन गुण. तालुक्यात पहिला नंबर.

पंधरा दिवसांनी तेजूला जुलाब सुरू झाले.

आधी मला वाटलं, बोरं खाल्ली असतील. संध्याकाळपर्यंत ती डोळे अर्धे मिटून पडली. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. तिच्या एवढ्याशा हाताला पट्टी बांधलेली बघून माझं चित्त थाऱ्यावर राहिना. आणखी दोन खाटांवर बालवाडीतलीच मुलं होती. तेवीसपैकी अकरा गैरहजर, असं बाईंनी सांगितलं.

"पाणी कुठलं पिता?" डॉक्टरांनी विचारलं.

"नळाचं."

"टाकीला झाकण आहे ना?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "असणारच म्हणा. तुमचा पहिला नंबर आलाय."

खाटेवरून तेजू बारीक आवाजात म्हणाली, "टाकीला झाकण..."

"आरोग्याची राखण!" नर्सबाईंनी कौतुकाने पूर्ण केलं.

तेजू तिसऱ्या दिवशी घरी आली. मी तडक चिमाजीला गाठलं. चिमाजी गावाला पाणी सोडतो. टाकीवर चढणारा गावात तो एकटाच, स्वतःची शिडी घेऊन.

"पारवं पडत्यात ना वहिनी त्यात," तो म्हणाला. "औंदा तीन काढली. चवथं दिसतं, पन हाताला येत न्हाई."

"सांगितलं नाहीस कुणाला?"

"सांगितलं की! भाऊसाब म्हनले, झाकण हाय, पारवं पडतीलच कशी?"

मी अर्ज लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा एकही विशेषण न घालता. टाकीला झाकण नाही, पक्षी पडतात, मुलं आजारी आहेत, झाकण बसवावं. खाली 'एक माता' असं न लिहिता नावानिशी सही केली. भाऊसाहेबांनी पोच दिली आणि नवीन झाकणासाठी प्रस्ताव वर पाठवला. मला बरं वाटलं. गावात अजून माणसं आहेत, असं वाटलं.

महिन्याने वरून उत्तर आलं. 'आपल्या गावी मजबूत झाकण उपलब्ध असल्याची नोंद असल्याने नवीन झाकण मंजूर करता येत नाही. संदर्भ: आपलाच अहवाल.'

"आता एकच रस्ता," भाऊसाहेब म्हणाले. "जुनं झाकण निकामी झालं, असं दाखवायचं. मग नवं मिळतं. गंजलं म्हणू." त्यांनी फाईल उघडली, चौदावं उत्तर काढलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गंजरोधक कशाला लिहिलंत हो?"

"मग मोडलं म्हणा."

"मजबूत."

दोन दिवसांनी मलाच सुचलं, चोरीला गेलं म्हणता येईल. पोलीस पाटलांना बोलावलं. पंचनाम्याचा कागदही काढला. तेवढ्यात आबांनी तंबाखू थुंकली.

"थांबा. झाकण कुलूपबंद. किल्ली कुनाकडं? माझ्याकडं. मंग चोर कोन?"

पोलीस पाटलांनी पेनाचं टोपण लावलं.

माझ्या एका वाक्यात चार भक्कम गोष्टी होत्या आणि चारही दारांना मीच आतून कड्या घातल्या होत्या. एवढं अभेद्य वाक्य मी पुन्हा लिहिलं नाही.

शेवटी ह्यांनी गॅरेजमधलं जुन्या ट्रकचं बॉनेट घेतलं, कापलं, वेल्डिंग केलं आणि झाकण बनवलं. नारिंगी रंगाचं. त्यावर 'आई-वडिलांची पुण्याई' यातलं 'पुण्याई' तेवढं राहिलं होतं. चिमाजीने ते वर नेऊन बसवलं. चार दिवस आमच्या टाकीला झाकण होतं. पारवे कडेला बसून त्याच्याकडे बघत. मी रोज सकाळी तेजूला कडेवर घेऊन अंगणातून ते बघायची.

पाचव्या दिवशी ते उतरवलं. तालुक्यात पहिले आलो म्हणून आता जिल्ह्याची समिती यायची होती.

"काय चुकलं त्यात?" मी कार्यालयात जाऊन विचारलं. आवाज चढला असावा, कारण भाऊसाहेबांनी दार लोटलं.

"मॅडम, दप्तरी एक झाकण आहे. वर हे दुसरं. एका टाकीला दोन झाकणं कशी, असं विचारलं तर मी काय दाखवू?"

"पण पहिलं नाहीच आहे!"

"हळू बोला. तुमच्याच शब्दावर गाव उभं आहे."

झाकण 'बेवारस वस्तू' म्हणून जमा केलं. कार्यालयात दोन विटांवर ते आडवं ठेवलं. आता त्यावर चहाचे कप ठेवतात.

राहता राहिला माझा अर्ज. प्रलंबित तक्रार असली तर जिल्ह्याच्या फेरीत गुण कापतात. त्यामुळे अर्जाला उत्तर देऊन तो निकाली काढणं भाग होतं. भाऊसाहेब स्वतः घरी आले. ह्यांची विचारपूस केली, तेजूच्या गालाला हात लावला आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"उत्तर तयार करायचंय."

"माझ्या अर्जाला?"

"आमच्यात दुसरं कोण लिहिणारं आहे? मी लिहिलं तर ते उत्तर वाटणार नाही."

"मी नाही लिहिणार."

"नका लिहू," ते समजुतीने म्हणाले. "जिल्ह्याचा नंबर आला की बक्षिसातून बालवाडीला नवीन खोली बांधायची ठरलीय. संडासासकट. तेजूच तिथं बसणार. तुमची इच्छा."

तेजू अंगणात बाहुलीला सलाईन लावत होती.

मी लिहिलं. 'सदर अर्जदार महिला सुशिक्षित असूनही त्यांनी टाकीवर प्रत्यक्ष न चढता केवळ मातृसुलभ काळजीपोटी गैरसमज करून घेतल्याचे दिसते. त्यांच्या भावनांचा ग्रामपंचायत आदर करते.' वाचून पाहिलं. वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं, कारण चांगलं जमलं होतं. क्षणभर तर असंही वाटलं, की कोण ही बाई, उगाच गावाला वेठीला धरणारी! चार दिवसांनी पोस्टमनने ते माझ्याच दारात आणून दिलं. मी सही करून घेतलं. माझी तक्रार माझ्या समाधानाने निकाली निघाली.

त्याच आठवड्यात नळावर साळुबाई भेटली. शेजारीच राहते, सत्तरीची आहे. तिचा नातू दवाखान्यात होता, तेजू होती त्याच खाटेवर.

"उकळून पाजत होता ना, मावशी?" मी विचारलं.

"आदी उकळायचो की गं. फडक्यानं गाळायचं, उकळायचं. मंग तूच ग्रामसभेत वाचून दावलंस, टाकीला कुलूप हाय. म्हटलं, आता सरपन कशाला जाळायचं?"

बादली भरून वाहू लागली. कुणी नळ बंद केला नाही.

"आता उकळून पाजा," मी म्हणाले.

"का गं? झाकण न्हाई व्हय?"

नळावरच्या आठ-दहा बायका माझ्याकडे वळल्या. व्हॉल्व्हपाशी चिमाजी होता, तो आभाळाकडे बघायला लागला. समिती दोन दिवसांवर होती. बालवाडीच्या खोलीसाठी जमिनीवर चुन्याची फक्की पडली होती. साळुबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, जशी ग्रामसभेत बघत होती तशीच.

"आहे," मी म्हणाले. "पण उकळून पाजा."

"झाकण हाय तर मंग उकळायचं कशाला?" साळुबाई हसली आणि हंडा डोक्यावर घेऊन गेली. "शिकल्याली पोर, पन काळजीनं येडी झालीया."

जिल्ह्यात आमचा दुसरा नंबर आला. बालवाडीची खोली झाली, संडासासकट. त्याला पाणी त्याच टाकीतून येतं. सत्काराच्या फ्लेक्सचा मजकूर मी लिहिला. आबांसाठी वहीतून 'आधारवड' काढला.

आमचा अहवाल 'आदर्श अहवाल' ठरला. पुढच्या वर्षी सगळीकडच्या गावांनी तसाच अहवाल करावा, असं कुठल्याशा बैठकीत ठरलं. संपतभाऊंनी लगेच छापील नमुना काढला. गावाचं नाव, लोकसंख्या आणि सरपंचांचं नाव एवढ्या तीन जागा कोऱ्या. बाकी चाळीस उत्तरं तयार. पहिला गठ्ठा आठवड्यात संपला. मग जुन्नरहून मागणी आली, आंबेगावातून आली, नंतर कुठकुठली माणसं आळेफाट्याला एसटीतून उतरून गठ्ठे नेऊ लागली. चौदाव्या उत्तरात कुणी काही बदललं नाही. ओतूरच्या बाजारात कुलपं मिळेनाशी झाली.

तेव्हा तुम्ही हे वाचताय आणि हाताशी पाण्याचा पेला आहे, म्हणून उगाच मनात शंका आणू नका. आपल्या टाकीवर चढून बघायलाही जाऊ नका, खालच्या सहा पायऱ्या नसतात. तुमच्या टाकीला मजबूत, गंजरोधक व कुलूपबंद झाकण आहे. मी स्वतः लिहिलंय.

आमच्या घरी मात्र आम्ही उकळून पितो.