जहाजावरचा ठसका

शाहू महाराजांच्या अमदानीत शाहूपुरीत मिरचीचं दुकान चालवणाऱ्या बाबालालनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण पोरगा दिलदार शिडाच्या जहाजावर खलाशाचं काम शिकायला गेला आणि बाबालाल गिऱ्हाइकांना मिरचीच्या भावाआधी वाऱ्याची दिशा सांगू लागला.

ते जहाज रत्नागिरीला आलं, तेव्हा घरात लेकीचं, कुलसुमचं, लग्न ठरलं होतं. भावाशिवाय निकाह लावायचा नाही, असं तिनं बजावलं होतं. पण कप्तान रजेचं नाव काढू देत नाही, असा दिलदारचा निरोप आला. म्हणून बाबालाल बायकोला, रोशनबीला, घेऊन आंबा घाट उतरला तो कप्तानाचे पाय धरायलाच.

"तिथं गप बसायचं," त्यानं होडीत तिला सांगितलं. "मी बोलतो."

"मी कवा बोलते?" रोशनबी म्हणाली.

डेकवर पाऊल ठेवलं, तर दिलदार डोलकाठीच्या टोकाला शीड बांधत होता आणि अख्खं बंदर माना वर करून त्याच्याकडे बघत होतं. बाबालालची छाती फुगली. रोशनबीची धडधडू लागली.

"एवढ्या डोळ्यांनी बघितलं. पोराला नजर लागणार की वो."

"हळू बोल. कप्तान म्होरंच हाय."

त्यानं लवून सलाम करेपर्यंत ती शेजारून नाहीशी झाली होती. पदराच्या गाठीतलं मीठ आणि संकेश्वरी मिरच्या तिनं पोराच्या दिशेनं ओवाळल्या आणि जहाजाच्या चुलीत टाकल्या. घरी पाच-सात मिरच्या पुरत. पण पोर एवढ्या उंचावर, म्हणून तिनं चांगल्या मूठभर घेतल्या होत्या.

स्वयंपाकी खोकत बाहेर पळाला. त्याच्यामागून धूर आला. कुणीतरी आगीची घंटा बडवली. शिकाऊ पोरं दोरांवरून सरसर उतरली आणि बादल्या घेऊन धावली. डोळे कुणालाच उघडवत नव्हते, त्यामुळे पहिली बादली कप्तानाच्या अंगावर गेली. बाबालालनं रजेची आशा सोडली.

दिलदारनं मान खाली घालून साहेबाला सगळं समजावून सांगितलं. रोशनबीनं मात्र समाधानानं विचारलं, "साहेबाला ठसका लागला न्हवं? मग झालं. नजर असती तर मिरच्या नुसत्या जळाल्या असत्या. पोराला कुणाचीच नजर न्हाय."

कप्तानानं डोळे पुसले. "तुझी आई जहाजावर किती वेळ थांबणार?"

"माझी रजा मंजूर होईपर्यंत, साहेब."

"महिनाभर रजा. आत्ताच्या आत्ता हिला घेऊन उतर."

होडी निघाली. डेकवर उभा कप्तान अजून डोळे पुसत होता.

"रडतोय बिचारा," रोशनबीला भरून आलं. "दिलदारवर लई माया दिसती त्याची. त्याचीबी नजर काढाय पायजे हुती. होडी फिरवा, मिरच्या हायत अजून."

आयुष्यात एक मिरची कधी वाया न घालवलेल्या बाबालालनं तिच्या पदराची गाठ सोडली आणि समुद्रात झटकली.