जवाईबुवांची गाडी थरथरते

नानाजींनी जन्मभर धानोऱ्याच्या रस्त्यांवर जीप हाकली होती. इंजिनाचं दुखणं ओळखण्यात आपला हात धरणारा तालुक्यात कोणी नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. आज तर ते दुखणं त्यांनी स्वतःच लावलं होतं! लेक रीता लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन आली होती आणि सकाळीच चंद्रपूरला परत निघाली होती. नानाजींनी गुपचूप जवाईच्या गाडीतली एका प्लगची वायर काढून ठेवली. गाडी थरथरेल, लेक एक दिवस थांबेल, संध्याकाळी वायर बसवली की शाबासकीही आपलीच!

जवाई पियुषने चाबी फिरवली. गाडी हिवताप चढल्यासारखी हुडहुडली!

"इंजिनाखालचं माउंटिंगचं रबर फाटलं असन," शेजारचा इसरू म्हणाला.

"पेट्रोलमंदी पाणी असन!" आशाबाई कुंपणापलीकडून ओरडल्या.

"मामाजी, मी मेकॅनिकले बोलावतो," पियुष सासऱ्यांना म्हणाला.

नानाजी लगबगीने पुढे झाले. मेकॅनिकला निघालेली वायर दिसली तर जवाईसमोर काय इज्जत राहणार?

"थांबा जवाईबुवा! मी पाह्यतो!"

बॉनेटमध्ये डोकं घालून त्यांनी वायर घट्ट बसवली. मिशीवर हात फिरवला. "लावा चाबी!"

गाडी तरीही थरथरली! नानाजींना घाम फुटला. जवाईची गाडी आपण खरंच बिघडवली की काय! त्यांनी बायकोला बाजूला ओढलं.

"रंभा, घात झाला! पोरगी थांबावी म्हणून मीच वायर काढली होती."

"तुमी वायर काढली?" रंभाबाईंनी कपाळावर हात मारला. "मंग मी काऊन हवेच्या नळीत लुगड्याचा बोळा कोंबला? हवा अडली का इंजिन थरथरते, हे तुमीच जन्मभर सांगून राह्यले ना!"

नानाजींच्या घरातली कुजबुजही चार घरं ऐकतात. रीता तर मागेच उभी होती. आधी ती खो-खो हसली, मग तिचे डोळे भरून आले.

"अवं माय, तोंडानं सांगाचं ना!" ती पियुषकडे बोट दाखवत म्हणाली. "यायले रविवारपर्यंत सुट्टी हाय."

"मंग निघाले काऊन?" नानाजींनी विचारलं.

"तुमी रोज जवाईसाठी कोंबडा कापून राह्यले. यायनं वरण-भात मागितला, तरी कोंबडाच! आता अंगणात एकच उरला, म्हणून यायले लाज वाटून राह्यली!"

नानाजींचा जीव भांड्यात पडला. बोळा निघाला, इंजिन शांत झालं आणि बॅगा पुन्हा घरात गेल्या.

"रविवारपर्यंत आमी राह्यतो," रीता बजावून म्हणाली, "पण गाडीले कोणी हात लावाचा नाई!"

नानाजींनी लगेच कान पकडले. रंभाबाई मात्र अंगणातल्या शेवटच्या कोंबड्याकडे पाहत चुलीकडे निघून गेल्या.